प्रपंच आणि प्रवास : बर्फांतली पहिली रात्र

हिंवाळा जवळ आला कीं आमच्या घरांत दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. डिंकाच्या लाडवांत या खेपेस खारीक किती घालावयाची ही एक, आणि सुटींत कोठें जावयाचें ही दुसरी. पहिलीचा निकाल वहिनी लावतात व तो सर्वांस मान्य होतो. दुसरीचा निकाल एकमतानें लागल्याचें आम्हांस तरी स्मरत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं अशीच चर्चा चालली असतां आमच्या सतरा वर्षांच्या कन्येनें भर पंगतींत जाहीर केलें कीं, "मला बर्फांत तंबू ठोकून एक रात्र राहायचं आहे, आणि स्कीवरून घसरायलाहि शिकायचं आहे."

पंगत क्षणभर स्तब्ध झाली. आमचे थोरले बंधु (घरांत सारे त्यांना दादा म्हणतात) हें ऐकून रागावतील अशी आमची अटकळ होती. पण तारुण्यांत सह्याद्रीचे गड पालथे घातलेले ते गृहस्थ एकदम खुलले आणि "आपण सगळेच जाऊं" म्हणाले. दादा, त्यांचा मुलगा, आमचा भाचा आणि आम्ही तिघें अशी सहाजणांची मंडळी ठरली. वहिनी मातुःश्रींपाशीं राहावयाच्या. मातुःश्रींचें वय चौऱ्यायशीं. बर्फ त्यांनीं पाहिलेला तो उसाच्या रसांत घालावयाचा तेवढाच. सगळा बेत शांतपणें ऐकून घेतल्यावर त्यांनीं दोनच प्रश्न विचारले: "रात्रीं कुणाला सोसेनासं झालं तर परत कसे याल? आणि परत चला, असं म्हणायचं कुणी?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं घरीं बसूनच शोधून काढलें. दुसऱ्याचें उत्तर सांपडावयास मात्र प्रत्यक्ष बर्फांत जावें लागलें. हल्लीं अनेक घरांतून तरुण मंडळी असाच हट्ट धरूं लागली आहे. तो हट्ट वाईट आहे असें आम्हांस वाटत नाहीं; त्यास नीट वळण मात्र द्यावें लागतें. म्हणून नवशिक्या कुटुंबानें असा बेत कसा आंखावा, याविषयीं चार गोष्टी या महिन्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थळाचा विचार. आपल्या देशांत स्कीचा खेळ रुजला तो काश्मीरांत गुलमर्ग येथें. तेथें १९२७ सालीं इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं स्की क्लब स्थापन केला. गुलमर्गची उंची सुमारें २,६५० मीटर. उत्तराखंडांतील औलीचे उतार २,५०० पासून ३,००० मीटरांपर्यंत पसरले आहेत. दोन्ही स्थळें नांवाजलेलीं आहेत. मात्र उत्तराखंड उच्च न्यायालयानें २०१८ सालीं बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ पठारांवर, रात्रीं मुक्काम करण्यास बंदी घातली. तेव्हां चौकशी केल्यावांचून कोणीं औलीच्या वर तंबू नेऊं नये.

आम्हीं निवडिलें तें हिमाचल प्रदेशांतील मनालीजवळचें सोलंग खोरें. मनाली सुमारें २,०५० मीटर उंचीवर आहे व सोलंग सुमारें २,५०० मीटरांवर. दोहोंमधील अंतर अवघें तेरा-चौदा किलोमीटर. या मांडणींतच नवशिक्याची सोय आहे. साधारण २,५०० मीटरांपलीकडे घाईनें चढणाऱ्यास डोकेंदुखी, मळमळ, निद्रानाश असा उंचीचा विकार जडूं शकतो. मनालीस दोन रात्रीं निजलें म्हणजे शरीर विरळ हवेस सरावतें. तेथें दवाखाने आहेत, औषधांचीं दुकानें आहेत, कपडे व सामान भाड्यानें मिळतें. १९६१ सालीं स्थापन झालेली सरकारी पर्वतारोहण संस्थाहि तेथेंच असून तिचे स्कीचे वर्ग सोलंगच्या उतारांवर भरतात. जवळच्या बुरुवा गांवची आंचल ठाकुर हिनें २०१८ च्या जानेवारींत तुर्कस्तानांतील एर्झुरूम येथें कांस्यपदक मिळविलें. स्कीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत भारतास मिळालेलें तें पहिलें पदक होय. आमच्या कन्येच्या खोलींत तिचें चित्र लावलेलें आहे, हेंहि स्थळ ठरवितांना उपयोगी पडलें, असें कबूल केलें पाहिजे.

आतां काळाविषयीं. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा त्यांतल्या त्यांत भरंवशाचा काळ. पण बर्फ पंचांग पाहून पडत नाहीं. २०२४ चा जानेवारी हिमाचलांत जवळजवळ कोरडाच गेला आणि बर्फ आला तो महिना संपतांना. उलट त्याच वर्षीं डिसेंबरच्या अखेरीस सोलंग येथें एका दिवसांत इतका बर्फ पडला कीं, हजारभर मोटारी अडकल्या व सुमारें पांच हजार प्रवाशांची पोलिसांस सुटका करावी लागली. यावरून दोन नियम निघतात. नाताळच्या गर्दींत जाऊं नये, आणि बेतांत एक दिवस निव्वळ रिकामा ठेवावा. त्या दिवसाचें कांहींच करावयाचें नसतें. रस्ता बंद पडला तर तो दिवस परतीच्या गाडीचें तिकीट वांचवितो.

आमचा बेत असा होता. पहिले दोन दिवस प्रवासाचे: पुण्याहून चंदीगड, आणि तेथून घाटरस्त्यानें मनाली. तिसरा दिवस विश्रांतीचा व सामान पारखून घेण्याचा. चौथा व पांचवा सोलंग येथें स्की शिकण्याचे. पैकीं चौथ्या दिवशीं मुक्कामास मनालीस परत यावयाचें व पांचव्या दिवशीं सोलंगच्याच एका निवासांत राहावयाचें. सहाव्या दिवशीं दुपारीं तंबू ठोकून रात्र बर्फांत काढावयाची. सातवा परतण्याचा, आठवा राखीव, आणि पुढें घरचा रस्ता. तंबूंतली रात्र अशी उशिरां ठेवण्याचें कारण उघड आहे. तोंवर थंडी म्हणजे काय, आपले मोजे कसे आहेत, कोणास किती सोसतें, हें सर्वांस दिवसाउजेडीं कळून चुकलेलें असतें.

तंबू कोठें ठोकावा, या प्रश्नाचें आमचें उत्तर ऐकून आमचा भाचा हिरमुसला. आम्हीं जागा निवडली ती निवासाच्या मागील सपाट शेतांत, दारापासून तीनशें पावलांवर. मालकाची परवानगी घेतली; कारण मोकळें दिसणारें रान बेवारशी नसतें, तें कोणा शेतकऱ्याचें किंवा वनखात्याचें असतें. शिवाय त्या रात्रीपुरत्या निवासांतल्या दोन खोल्या पैसे भरून आमच्याच नांवें ठेविल्या. गाद्या घातलेल्या, रजया टाकलेल्या, किल्ली आमच्या खिशांत. "खोली घेतली आहे, मग तंबू कशाला?" असें भाचा म्हणाला. त्यास आम्हीं सांगितलें कीं, मातुःश्रींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच ही किल्ली. पहिल्या खेपेस दूरच्या अरण्यांत जाण्यांत पुरुषार्थ नाहीं. थंडी तीनशें पावलांवरहि तेवढीच असते. फरक पडतो तो चुकीच्या किंमतींत.

जागा पाहतांना मान वर करून पाहावें. डोक्यावरच्या फांद्यांवर बर्फाचा भार असेल तर त्याखालीं तंबू ठोकूं नये. त्याहून महत्त्वाचें म्हणजे जवळ उभा उतार नसावा. हिमस्खलन, म्हणजे उतारावरचा बर्फाचा थर एकाएकीं सुटून खालीं येणें, हें बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर घडतें. आपल्या घरच्या जिन्याचा चढ तीस-पस्तीस अंशांचा असतो. तेवढा किंवा त्याहून उभा बर्फाळ उतार वर असेल तर त्याच्या पायथ्याशीं, तो कितीहि सपाट व रम्य असो, थांबूं नये, कारण सुटलेला बर्फ पायथ्यापलीकडेहि बराच धांवतो. २०१० च्या फेब्रुवारींत गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथें लष्कराच्या शिक्षणवर्गांतले पंधराहून अधिक जवान असेच गाडले गेले. शिकलेल्या सैनिकांची ही गत, तेथें आपण कोण? संरक्षण संशोधन खात्याची चंदीगड येथील संस्था हिंवाळ्यांत हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करीत असते; ते रोज सकाळीं पाहावेत, स्थानिक पोलिसांस विचारावें, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस तंबूचा विचारच सोडून द्यावा.

बर्फांत तंबू ठोकण्याची रीत निराळी आहे. प्रथम जागा पायांनीं तुडवून घट्ट करावी व अर्धा तास तशीच सोडावी. तेवढ्यांत बर्फ बसून कठीण होतो. न तुडवितां तंबू ठोकला तर रात्रीं अंगाखालीं खळगे पडतात. नेहमींच्या खुंट्या बर्फांत टिकत नाहींत. म्हणून काठी किंवा बर्फानें भरलेली पिशवी दोरीस बांधून आडवी पुरावी आणि वरून बर्फ दाबावा. सकाळीं ती कुदळीनें खणूनच काढावी लागते, इतकी पक्की बसते. तंबूचीं झडपें थंडीच्या भीतीनें पूर्ण बंद करूं नयेत. सहाजणांचा श्वास रात्रभर कापडावर गोठतो व पहांटे तोच अंथरुणावर गळतो. वरचीं झडपें चार बोटें उघडीं ठेवावीं.

अंथरुणाविषयीं आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे. थंडी वरून येते असें समजून आपण पांघरुणें वाढवितों. पण बर्फावर निजणाऱ्याची ऊब पळवितो तो खालचा बर्फ. तेव्हां एका रजईचे पैसे वांचवून अंगाखालीं दोन चटया घ्याव्या: खालीं फेसाची जाड चटई व तीवर हवा भरावयाची. स्लीपिंग बॅग म्हणून जी निजावयाची पिशवी मिळते, तिच्यावर दोन तापमानें छापलेलीं असतात. एक सुखाचें, ज्यांत मनुष्य आरामांत निजतो. दुसरें सीमेचें, ज्यांत तो अंग मुडपून कसाबसा रात्र काढतो. भाड्यानें देणारा दुकानदार बहुधा दुसरा आंकडा सांगतो, कारण तो जास्त प्रतापी दिसतो. आपण पहिला पाहावा. सोलंग येथें रात्रीं शून्याखालीं पांच ते दहा अंश थंडी पडणें सामान्य आहे. तेव्हां सुखाचें तापमान उणें दहापर्यंत असलेली पिशवी घ्यावी.

कपड्यांत एकच मुख्य नियम: अंगालगत सुती वस्त्र नको. सूत घाम पितें आणि वाळत नाहीं; ओलें सूत अंगावर असणें म्हणजे थंड पाण्याची पट्टी बांधून बसणें. अंगालगत पातळ लोंकरी किंवा कृत्रिम धाग्याचें वस्त्र, त्यावर जाड लोंकर, आणि सर्वांवर वारा व बर्फ अडविणारें आच्छादन असे तीन थर असावेत. काम करतांना घाम येण्यापूर्वींच एक थर काढावा व थांबल्याबरोबर तो चढवावा. रात्रींसाठीं कोरडे पायमोजे व एक कोरडा जोड वेगळ्या पिशवींत बांधून ठेवावा व तो निजेपर्यंत उघडूं नये. ही गोष्ट आम्हीं सर्वांस दोनदां वाचून दाखविली. तरीहि सहाव्या दिवशीं सकाळीं दादा कपडे करीत असतां त्यांच्या अंगांत नेहमींचा सुती गंजीफ्रॉक आहे, हें आम्हांस दिसलें. चाळीस वर्षांची संवय त्यांना सोडवली नव्हती. आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्याचें कारण पुढें येईल.

खाण्यापिण्याचें आमच्या पत्नीनें पाहिलें. २,५०० मीटरांवर पाणी ब्याण्णव अंशांच्या आंतच उकळतें, त्यामुळें वरणभाताच्या नादास लागल्यास मध्यरात्र व्हावयाची. तिनें घरूनच भाजणी, सातूचें पीठ, मेतकूट, तूप, गूळ-दाणे व लाडू असा शिधा नेला. तूप भरपूर असावें. रात्रभर अंग ऊब धरतें तें पोटांतल्या इंधनावर. एक गोष्ट मात्र आम्हांस ठाऊक नव्हती. उणें आठ अंशांत बेसनाचा लाडू दगड होतो. भाच्यानें तो हातोडीनें फोडण्याची तयारी चालविली होती. कोटाच्या आंतल्या खिशांत घटकाभर ठेवल्यावर तो खाण्याजोगा झाला. बर्फ वितळवून पाणी करावयाचें तर भांड्याच्या तळाशीं थोडें पाणी आधीं ठेवावें, नाहीं तर भांडें करपतें व पाण्यास जळका वास येतो. शिवाय भुसभुशीत ताजा बर्फ दहा भांडीं वितळविला तर एखादें भांडें पाणी मिळतें. म्हणून आम्हीं पाणी निवासांतून भरूनच नेलें. बाटल्या उलट्या ठेवाव्या, कारण पाणी वरून गोठतें व झांकणाची बाजू मोकळी राहते. निजतांना एका बाटलींत गरम पाणी भरून, तिला मोजा चढवून पायाशीं घ्यावी. आणि रात्रीं बाहेर जावें लागेल या संकोचानें कोणीं, विशेषतः स्त्रियांनीं, पाणी कमी पिऊं नये. कोरडें पडलेलें शरीर लवकर गारठतें.

आतां सर्वांत कडक नियम. तंबूंत शेगडी, कोळसा, स्टोव्ह कांहींहि पेटवूं नये. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या विस्तवांतून जो विषारी वायु निघतो, त्यास वास नाहीं, रंग नाहीं. निजलेला मनुष्य जागाच होत नाहीं. २०२० च्या जानेवारींत नेपाळांत दामन येथें केरळांतील आठ प्रवासी, त्यांत लहान मुलेंहि होतीं, खोलींत वायूची शेगडी लावून निजले ते उठले नाहींत. ती तर पक्क्या भिंतींची खोली होती. स्वयंपाक बाहेर, उघड्यावर करावा. त्यांतहि साध्या ब्यूटेन वायूचा डबा शून्याच्या सुमारास निकामी होतो, कारण त्या थंडींत तो वायु द्रवच राहतो. प्रोपेन मिसळलेला डबा मागून घ्यावा.

स्कीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. स्की हा नॉर्वेकडचा शब्द असून त्याचा मूळ अर्थ लांकडाची चीर. नान्सेन यानें १८८८ सालीं याच साधनावर ग्रीनलंड ओलांडलें. पण आपणांस पन्नास पावलें जमलीं तरी पुरें. पहिला पैसा शिक्षकावर खर्च करावा. बूट भाड्यानें घेतांना उभें राहिल्यास बोटें पुढें टेंकावीं व गुडघे वांकविल्यास तीं मागें सरावीं. आंत जाडसर लोंकरी मोजा एकच घालावा, दोन घातल्यास रक्त अडून पाय अधिकच गारठतात. फळी बुटापासून सुटण्याचा ताण वजन, उंची व कौशल्य यांवरून बसवितात, म्हणून वजन खरें सांगावें. तेथें लाज धरिल्यास गुडघा जातो. पहिल्या दिवशीं शिकावयाच्या गोष्टी तीनच: टोंकें जवळ व मागच्या बाजू फांकवून नांगरासारखें थांबणें, बाजूवर पडणें, आणि फळ्या उताराला आडव्या करून उठणें. पडतांना काठी सोडून द्यावी. ती मुठींत घट्ट राहिली तर अंगठा मुरगळतो. आमच्या पत्नीनें पहिल्या सकाळीं बावीस वेळां पडून तेविसाव्या खेपेस जें थांबून दाखविलें, तें आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं. थकवा वाटूं लागला कीं त्याच क्षणीं फळ्या काढाव्या. "आतां शेवटची एकच" ही घसरगुंडी हाडें मोडते. आणि डोळ्यांवर काळा चष्मा हवाच, ढग असले तरी हवा. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण शेंकडा ऐंशींहून अधिक परत फेंकतो. डोळे भाजल्याचें कांहीं तासांनंतर, म्हणजे नेमकें रात्रीं, कळून येतें.

आतां त्या रात्रीची हकीकत. सहाव्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं आम्हीं जागा तुडविण्यास आरंभ केला. दादांनीं सर्वांपेक्षां अधिक काम केलें. कोट न काढतां तासभर बर्फ तुडविला व खणला. त्यांचा उत्साह पाहून मुलें चकित झालीं. सूर्य कलला तसा पारा भराभर उतरला. आठाच्या सुमारास तंबूंबाहेर दूध तापवून आम्ही उभ्यानेंच पीत होतों. आकाश इतकें स्वच्छ होतें कीं, भाचा नक्षत्रांचीं नांवें घेत होता. उष्णतामापक उणें आठ अंश दाखवीत होता. दादा हंसत होते, परंतु कमी बोलत होते. त्यांच्या हातांतल्या पेल्यांतलें दूध हिंदकळत होतें. मग ते कोटाची साखळी ओढूं लागले, ती त्यांना लागेना. तंबूकडे जातांना दोरींत त्यांचा पाय अडकला. "दमलों जरासा," असें कांहींसें ते पुटपुटले.

आम्हां सर्वांस हें दिसत होतें आणि कोणासच दिसत नव्हतें. शिक्षकानें दोन दिवस आधीं सांगून ठेविलें होतें कीं, अंग कांपणें, हात न वळणें, पाय अडखळणें, शब्द अस्पष्ट होणें या शरीर गारठूं लागल्याच्या खुणा आहेत. कांपणें थांबलें आणि मनुष्य गुंगूं लागला म्हणजे गोष्ट फार पुढें गेली. पण वडील बंधूंस "तुम्हांला सोसत नाहीं, परत चला" असें म्हणावयाचें कोणीं? लहानपणापासून आम्ही त्यांच्या शब्दावर चाललेलों. सकाळीं गंजीफ्रॉक दिसला असतांहि आम्ही गप्प बसलों, तें याच कारणानें. मातुःश्रींचा दुसरा प्रश्न असा आमच्या पुढ्यांत येऊन उभा राहिला.

तेवढ्यांत आमची कन्या पुढें झाली व म्हणाली, "थोरले काका, मला फार थंडी वाजते आहे. मला परत जायचं आहे. तुम्ही माझ्याबरोबर चला."

दादांनीं तिच्याकडे पाहिलें आणि एक शब्द न बोलतां ते निघाले. दादांचा मुलगा दिवा घेऊन पुढें झाला. तीनशें पावलें जावयास पांच-सहा मिनिटें लागलीं. तीच वाट तीन किलोमीटरांची असती तर काय झालें असतें, याचा विचार आम्हीं त्या वेळीं केला नाहीं, मागाहून पुष्कळ केला. खोलींत गेल्यावर त्यांचे कपडे उतरविले तों गंजीफ्रॉक घामानें ओलाचिंब व गार झालेला. कोरडे लोंकरी कपडे, दोन रजया, आणि भरपूर साखर घातलेला चहा घोट-घोट. हातपाय चोळले नाहींत, एकदम शेगडीपाशीं बसविलें नाहीं. ऊब छातीपोटास आधीं दिली. दारू तर औषध म्हणूनहि देऊं नये, ती शरीराची ऊब बाहेर घालविते. दादांचें अंग अधिकच न गारठतां तासाभरांत कांपणें थांबून गालांवर रंग आला. तसें झालें नसतें, तर ११२ क्रमांकावर मदत मागून तडक रुग्णालय गांठावयाचें, हेंहि ठरलेलें होतें. आम्ही उरलेले तंबूंत निजलों व आमची रात्र सुखाची गेली. कन्या मात्र, जिच्यासाठीं सारा खटाटोप केला होता, ती चार भिंतींच्या आंत दादांच्या उशाशीं बसून राहिली. सकाळीं आम्हीं विचारलें, "तुला खरोखर थंडी वाजत होती का?" ती म्हणाली, "नाहीं, बाबा."

वाचकहो, यावरून आमच्या घरीं एक नियम झाला आहे, आणि सामानाच्या यादींत तो आम्ही चटईच्याहि वर लिहितों. "परत चला" असें म्हणण्याचा अधिकार मंडळींतल्या सर्वांत धाकट्याससुद्धां आहे. तो शब्द उच्चारल्यावर कारण विचारावयाचें नाहीं, थट्टा करावयाची नाहीं, आणि एकट्यानें जावयाचें नाहीं. दुसरें असें कीं, निजण्यापूर्वीं प्रत्येकानें जोडीदाराचे मोजे व आंतले कपडे पाहावयाचे, मग तो जोडीदार कितीहि वडील असो. वडीलधाऱ्यांचा मान राखणें हें आपल्या घरांचें भूषण खरें. पण त्यांचा जीव धोक्यांत असतां तोंड मिटून बसणें, याला मान म्हणत नाहींत. आमच्या कन्येनें दोन्ही सांभाळलीं. तिच्या जागीं आम्ही असतों तर बहुधा दुसरें सांभाळतां पहिलें घालविलें असतें, किंवा खरें सांगावयाचें तर, दोन्ही घालविलीं असतीं.

घरीं परतल्यावर मातुःश्रींनीं ओसरीवरच विचारलें, "रात्रीं परत यायचं झालं का रे?" आम्ही शब्द जुळवीत उभे राहिलों. दादाच बोलले: "झालं, आई. मला परत आणलं हिनं."

मातुःश्रींनीं नातीच्या तोंडावरून हात फिरविला आणि वहिनींस पानें घ्यावयास सांगितलें.

यंदा पुन्हां बेत चालला आहे. तीच जागा, त्याच तीनशें पावलांवर. कन्येची रात्र अद्याप तिची तिला मिळावयाची आहे. दादांनीं गेल्याच आठवड्यांत दोन लोंकरी गंजीफ्रॉक आणून, दुकानाच्या पिशवीसकट, तिच्या हवालीं केले आहेत.